लिलावात पहिल्यांदा उतरताना : वस्तुचित्रं, जुने दागिने आणि आपण कोल्हापूरकर

दिवाळीच्या आधी गुजरीत, कोल्हापूरच्या सराफांच्या पेठेत, एका पेढीवर बसले होते. शेजारी एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या, बोरमाळ मोडायला. पेढीवरच्या मुलानं माळ काट्यावर ठेवली, लाखेचं वजन अंदाजानं वजा केलं, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढली आणि कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. पाच मिनिटांत सौदा झाला. मी ती माळ मिनिटभर हातात मागून घेतली. बोराएवढा एकेक मणी पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून केलेला. नखानं चाचपलं तरी झाळ, म्हणजे सोन्याचा सांधा, कुठे बसलीय ते कळत नव्हतं, आणि दोरा ओवायच्या भोकाभोवती तारेचं बारीक कडं होतं, भोक फाटू नये म्हणून. हे कडं कुणीतरी मान खाली घालून, प्रत्येक मण्याला दोन असं बसवलेलं. काट्यावर त्यातलं काहीच उमटलं नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवली. वस्तू पाहायला शिकवणं हेच माझं काम होतं. म्हणून सांगते, जुना दागिना वजनापलीकडे ओळखला जातो आणि चित्र भिंतीच्या मापापलीकडे ओळखलं जातं अशी जागा म्हणजे चांगला लिलाव. आपल्याकडे मार्केट यार्डातला गुळाचा सौदा सगळ्यांना ठाऊक असतो, पण चित्रांचा आणि दागिन्यांचा लिलाव म्हटलं की ‘ते मुंबईच्या मोठ्या लोकांचं’ असं म्हणून विषय संपतो. २०२३ साली अमृता शेरगिल यांच्या एका चित्राला ६१.८ कोटी मिळाले, २०२५ मध्ये हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ला न्यूयॉर्कमध्ये शंभर कोटींच्या वर किंमत आली, अशा बातम्यांनी ही भीती आणखी पक्की होते. पण अशी चित्रं विकणाऱ्या लिलावसंस्थांच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे लिलावातल्या वस्तूंच्या यादीत, नोकरदार माणसालाही झेपतील अशा वस्तू असतात. त्यांच्यापर्यंत कसं पोहोचायचं, ते पायरीपायरीनं लिहिते.

पहिली पायरी : सहा महिने काही विकत घेऊ नका

हे सहा महिने पाहण्याचे. कोल्हापुरात त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन आहे, दसरा चौकात शाहू स्मारकच्या दालनात सतत कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन लागलेलं असतं. एका खेपेला सगळं पाहू नका. एका चित्रापुढे वीस मिनिटं उभे राहा आणि घरी येऊन ते आठवणीनं काढून पाहा. रेषा वाकडी आली तरी चालेल. काय विसरलं ते कळतं, आणि पुढच्या वेळी डोळा नेमका तिथं जातो.

नवख्या माणसानं सुरुवात वस्तुचित्रांपासून, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांपासून (स्टिल लाइफ) करावी असं माझं ठाम मत आहे. व्यक्तिचित्रात चेहरा आपल्याला भुलवतो, निसर्गचित्रात ओळखीचा घाट किंवा तळं दिसलं की आपण हळवे होतो. तांब्या, दोन कांदे आणि मागे टाकलेला पडदा यांत भुलण्यासारखं काही नसतं. चित्रकाराला काय येत होतं आणि काय येत नव्हतं ते तिथं उघडं पडतं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्थिरचित्राचा पेपर दिलेल्या प्रत्येकाला आठवेल, कळशीचं तोंड काढताना हात कसा थरथरायचा. तीच कळशी आता परीक्षक होऊन पाहा. आपण वरून बघतोय असं चित्र असेल तर कळशीच्या तोंडाचं लंबवर्तुळ चपटं हवं आणि बुडाचं त्याहून थोडं गोल, कारण बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं. कच्च्या हाताचं बूड सपाट रेषेवर बसतं आणि कळशी टेबलाला चिकटवल्यासारखी दिसते. मग सावली पाहा. पितळेच्या भांड्याच्या सावलीत पिवळसर परतीचा उजेड आहे, की नुसता काळा फासलाय? पडद्याचा रंग भांड्याच्या पोटात उतरलाय का?

नियम मोडणारेही मोठे असतात. फ्रेंच चित्रकार सेझानची सफरचंदं तिरक्या टेबलावरून घरंगळतील असं वाटतं आणि तरी चित्र डळमळत नाही, कारण बाकीचं सगळं त्या तिरकेपणाला धरून रचलेलं असतं. चूक एकटी पडलेली असेल तर ती चूक. सगळ्या चित्रानं ती उचलून धरली असेल तर तो निर्णय.

आपल्याकडच्या वस्तुचित्रांसाठी एक नाव लक्षात ठेवा : के. एच. आरा, म्हणजे कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४–१९८५). मुंबईत घरकाम करून, मोटारी धुवून जगलेला हा माणूस. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या स्थापनेत होता. फुलदाण्या, फळं, भांडी यांची त्यानं जलरंगात आणि अपारदर्शक रंगांत ढीगभर चित्रं केली. म्हणूनच ती लिलावात पुन्हापुन्हा दिसतात, आणि त्याच्या सोबत्यांच्या किमतींपुढे त्याची कागदावरची चित्रं आजही आवाक्यातली वाटतात. मुंबईला एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात त्याची एक फुलदाणी मी जवळून पाहिली. पाकळ्या काढलेल्याच नव्हत्या. जाड कुंचल्याचा एक दाब, बाजूला ओला असतानाच पसरू दिलेला दुसरा रंग, आणि लांब झालं की झेंडू. इतकी खात्री हातात यायला किती फुलं पाहिली असतील!

दागिन्यांचा डोळा गुजरीतच तयार होतो. ओळखीच्या पेढीवर दुपारच्या निवांत वेळी जा, जुना माल दाखवा म्हणावं. कोल्हापुरी साज हातात घ्या आणि पानं मोजा. पूर्ण साजाला २१ पानं मानतात : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूच्या दोन पानड्या आणि एक डोरलं. शंख, मासा, कासव, नाग, चंद्र, भुंगा हे आकार बोटांनी ओळखता यायला हवेत. हल्ली दहाबारा पानांचेच साज जास्त होतात, त्यामुळे सगळी पानं एकाच हातची असलेला जुना साज दिसला तर थांबून पाहा. पाठीमागची बाजू आधी पाहायची सवय लावा. पुढून ठसा सगळ्यांचाच चांगला दिसतो.

दुसरी पायरी : कुठला लिलाव?

तीन प्रकार आपल्या वाट्याला येतात.

पहिला घराजवळचा, म्हणजे बँका, पतसंस्था आणि सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपन्यांचा. कर्ज थकलं की आधी कर्जदाराला नोटीस जाते, मग वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि ठरल्या दिवशी दागिन्यांचा लिलाव होतो. बोली लावण्याआधी अनामत भरावी लागते आणि माल ‘जसा आहे तसा’ मिळतो. तिथं येणारे बहुतेक सराफ असतात आणि त्यांचा हिशोब आटणीचा, म्हणजे सोनं वितळवण्याचा असतो. एका कर्जखात्याचे सगळे डाग, म्हणजे दागिने, एकत्र काढतात, त्यामुळे चांगल्या चिंचपेटीबरोबर चार कानातल्या रिंगाही घ्याव्या लागतात. जाहिरातीत ढोबळ वजन आणि निव्वळ वजन वेगळं दिलंय का पाहा. लाख, खडे, मोती ढोबळ वजनात असतात. मी स्वतः अशा लिलावांना फार जात नाही. तिथल्या प्रत्येक पाकिटामागे कुणाच्या तरी घरची अडचण असते आणि ती मला विसरता येत नाही. पण जुनं काम आटणीतून वाचवायचं असेल तर ही जागा महत्त्वाची आहे, हेही खरं.

दुसरा प्रकार मुंबईच्या लिलावसंस्थांचा. सॅफ्रनआर्ट २००० सालापासून ऑनलाइन लिलाव करतेय, पुंडोल्स आणि अस्तागुरू याही मुंबईच्याच. बोली कोल्हापुरातून मोबाइलवर लावता येते. नावनोंदणीला पॅन, पत्त्याचा पुरावा आणि कधी कधी ठेव लागते. हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नका, मंजुरीला वेळ लागतो.

तिसरा परदेशातला : जिनिव्हा, लंडन, न्यूयॉर्क. बडोद्याच्या गायकवाडांच्या सात पदरी हारातल्या मोत्यांची दुपदरी माळ २००७ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावसंस्थेकडे सुमारे ७१ लाख डॉलरला गेली. अशा लिलावांचे कॅटलॉग अभ्यासासाठी जरूर पाहा. घेण्याच्या भानगडीत आयात शुल्क, विमा आणि परकीय चलनाचे नियम येतात, त्यामुळे पहिली खरेदी तिथं नको.

तिसरी पायरी : कॅटलॉग वाचणं

कॅटलॉगची भाषा वकिलाच्या भाषेसारखी असते. प्रत्येक शब्द मोजून घातलेला. चित्रकाराचं पूर्ण नाव साधेपणानं दिलं असेल तर संस्था म्हणते, हे आमच्या मते त्याचंच. ‘अट्रिब्यूटेड टू’ असेल तर बहुधा त्याचं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या आसपासच्या कुणाचं, ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या धाटणीचं, ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल. ‘साइन्ड’ आणि ‘बेअर्स सिग्नेचर’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की चित्रावर सही आहे. ती कुणी केली याची हमी नाही. कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांच्या बाबतीत हे जास्तच सांभाळा. काम थोडं आणि नाव मोठं असलं की खोट्या सह्या उगवतात.

मग मालकीचा इतिहास, कॅटलॉगमध्ये त्याला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, कुठे दाखवलं गेलं, कुठल्या पुस्तकात छापलंय. ‘खासगी संग्रह’ एवढंच लिहिलं असेल तर संस्थेला ईमेल करून विचारा. विचारायला लाजू नका, उत्तर देणं त्यांचं कामच आहे. जुनी पावती, प्रदर्शनाची चिठ्ठी, चित्रकाराचं पत्र यांतलं काही आहे का? नसेल तर त्या हिशोबानं बोली कमी करा.

अंदाजित किमतीचे दोन आकडे असतात, खालचा आणि वरचा. त्याशिवाय विकणाऱ्याशी ठरलेली एक किमान किंमत असते, ती गुप्त राहते. बोली तिथपर्यंत पोहोचली नाही तर वस्तू विकली जात नाही. अशा न गेलेल्या वस्तूंसाठी लिलावानंतर संस्थेशी बोलून पाहता येतं. कधी कधी बरा भाव मिळतो.

दागिन्यांच्या नोंदीत तीन गोष्टी शोधा : धातूची शुद्धता कशी ठरवली, खडे कुठल्या प्रयोगशाळेनं तपासले आणि बदल झालाय का. ‘नंतर बसवलेला फासा’, ‘काही मोती बदललेले’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असेल तर मला त्या संस्थेबद्दल उलट विश्वास वाटतो.

चौथी पायरी : प्रत्यक्ष पाहणं

ही पायरी कुणीही गाळू नये. मी एकदा गाळली होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात मी मोत्यांची चिंचपेटी फोटोवरून घेतली. फोटो इतका मोठा आणि सुंदर होता, की मापाचा आकडा मी वाचलाच नाही. पार्सल उघडलं तेव्हा पेटी लहान मुलीच्या गळ्याची निघाली. भिंगाखाली धरली तर मधल्या दोन पेट्यांवरचे मोती बाकीच्यांपेक्षा पांढरे, भोकाजवळ आत दुसराच थर दिसणारे. नंतर बदललेले, संवर्धित (कल्चर्ड) मोती. विकणाऱ्यांना फोन केला. ‘अवस्थेचा अहवाल मागितला असता तर दिला असता’ असं उत्तर आलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. तरी एवढी महत्त्वाची गोष्ट विचारल्याशिवाय सांगायची नाही, याचा राग मला अजून आहे. तेव्हापासून मी अहवाल लेखी मागते आणि शक्य असेल तर स्वतः जाते. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई, दिवसभर प्रदर्शन पाहून रात्री परत. प्रदर्शन सगळ्यांना खुलं असतं, घ्यायलाच हवं असं कुणी म्हणत नाही.

पिशवीत दहापट भिंग, लहान बॅटरी, मोजपट्टी आणि वही असू द्या.

चित्र आधी मागून पाहा. तिथल्या माणसाला नम्रपणे सांगितलं की ते उतरवून दाखवतात. स्वतः हात लावू नका. कॅनव्हास लाकडी चौकटीवर कसा ठोकलाय? १९२० सालचं म्हणून सांगितलेल्या चित्राला मागे चकचकीत स्टेपलच्या पिना असतील तर निदान चौकट तरी नंतरची आहे, मग का बदलली ते विचारा. मागे दुसरा कॅनव्हास चिकटवलाय का? जुन्या चिठ्ठ्या, शिक्के, फ्रेमवाल्याचं लेबल, सगळं वहीत उतरवून घ्या. मग पुढून, बॅटरी बाजूनं तिरकी धरा. सपाट उजेडात न दिसणारे फुगवटे, भेगा, सुटू लागलेले रंगाचे पापुद्रे त्या तिरक्या उजेडात उभे राहतात. अतिनील दिवा लावून दाखवा अशी विनंतीही करता येते. जुन्या वॉर्निशवर नंतर केलेली डागडुजी त्यात गडद डागांसारखी दिसते. थोडी डागडुजी असणं वाईट नाही. सहीच्या भोवती असेल तर मात्र सावध व्हा.

कागदावरच्या चित्रांना वेगळी दुखणी असतात. तांबूस ठिपके म्हणजे दमट हवेची खूण. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, कडेला कागदावर तपकिरी रेघ उमटली असेल तर माउंट आम्लयुक्त आहे, बदलावा लागेल. फुलांच्या चित्रात गुलाबी आणि जांभळे रंग सगळ्यात आधी उडतात. माउंटखाली झाकलेली कडा पाहायला मिळाली तर मूळ रंग काय होता ते तिथं कळतं. एक वस्तुचित्रांपुरतंच : टेबलाची कड किंवा फुलदाणीचा पाय चौकटीत विचित्र ठिकाणी तुटत असेल तर कागद कापलाय का ते विचारा. फ्रेममध्ये बसवायला म्हणून लोकांनी चित्रं कापली आहेत.

दागिना हातात मिळाला की आधी वजन जाणवू द्या, मग उलटा करा. झाळ सगळीकडे सारखी जुनी आहे का? एखाद्या ठिकाणी पांढरट ठिगळ असेल तर तिथं दुरुस्ती झाली. फिरकीचं मळसूत्र झिजलंय का? साखळीच्या कड्या जिथं एकमेकींवर घासतात तिथली झीज पाहा. खरंच वापरलेल्या दागिन्याची झीज त्याच जागी असते जिथं अंग आणि कपडा घासतो. सगळीकडे सारखी काळपट ‘जुनी’ दिसणारी वस्तू मला संशयास्पद वाटते.

खड्यांबद्दल एक गैरसमज दूर करते. ‘दागिना शंभर वर्षांचा आहे म्हणजे माणिक खरं’ असं लोक धरून चालतात. व्हर्नाय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०२ साली कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली आणि ती माणकं लवकरच बाजारात आली. म्हणजे पणजीच्या नथीतलं माणिकसुद्धा कारखान्यातलं असू शकतं. भिंगाखाली आत गोलसर वळणाच्या रेषा किंवा हवेचे बुडबुडे दिसले तर कृत्रिम खड्याचा दाट संशय. पाचूत तेल भरतात, ती जुनी रीत आहे, पण किती भरलंय त्यावर किंमत ठरते. मागून बंद असलेल्या कोंदणात खड्याखाली चमकदार पत्रा असतो, त्यामुळे खड्याचा रंग आहे त्यापेक्षा खुलतो. मोत्याचं म्हणाल तर दातावर घासून पाहण्यानं फक्त नकली मोती ओळखता येतो. नैसर्गिक बसरा आणि संवर्धित मोती दातावर सारखेच खरखरतात. तो निकाल एक्स-रे करणारी प्रयोगशाळाच देते. मोठ्या रकमेचा खडा किंवा मोती प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

सोन्यावर हॉलमार्क नसला म्हणून घाबरू नका. सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, नव्या दागिन्यांच्या विक्रीला १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झाला, जुन्यावर तो कुठून असणार? आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला सक्ती नाहीच. नव्यावर असेल तर बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकून पाहा. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८. टंच मशीन पृष्ठभागाचाच निकाल देतं हेही ध्यानात असू द्या. मुलामा जाड असेल तर ते फसतं. अशा वेळी जुना कसोटीचा दगड आणि जाणता सराफ कामी येतो.

पाचवी पायरी : घरी बसून हिशोब

१९८७ साली ३० मार्चला लंडनमध्ये क्रिस्टीजनं व्हॅन गॉगची फुलदाणीतली सूर्यफुलं लिलावात काढली. जगातलं कदाचित सगळ्यात ओळखीचं वस्तुचित्र. हातोडा पडला २ कोटी २५ लाख पौंडांवर. जपानी खरेदीदारानं मोजले २ कोटी ४७ लाख ५० हजार. मधला फरक म्हणजे दहा टक्के ‘बायर्स प्रीमियम’, घेणाऱ्यानं संस्थेला द्यायचं कमिशन. तेव्हा दहा टक्के होतं, आता वीस टक्के किंवा त्याच्या आसपास सर्रास असतं.

समजा, एका दागिन्यावर तुमची शेवटची बोली १,५०,००० रुपये ठरली. वीस टक्के प्रीमियम ३०,०००. त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी ५,४००. दागिन्याच्या किमतीवर ३ टक्के धरला तर ४,५००. झाले १,८९,९००. त्यात पाठवणी आणि विमा मिळवा. चित्रावरचा कर वेगळा असतो, आणि कर कशावर लागतो हे लिलावाच्या अटींवरही ठरतं. अटींचं पान पूर्ण वाचा, कंटाळा येतो तरी वाचा. मग उलटा हिशोब करा : पाठवणी आणि विमा सोडून मला १,९०,००० झेपतात, म्हणजे माझी बोली दीड लाखाला थांबते. हा आकडा कागदावर लिहून मोबाइलशेजारी ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी दाखवून ठेवा. रोख व्यवहाराचा विचारही नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं स्वीकारायला कायद्यानं बंदी आहे, आणि बँकेतून दिलेल्या पैशाची नोंद हाच पुढे तुमचा मालकीचा पुरावा.

सहावी पायरी : बोलीचा दिवस

ऑनलाइन लिलावात प्रत्येक वस्तूची बंद होण्याची वेळ दिलेली असते. शेवटच्या दोनतीन मिनिटांत कुणी बोली लावली की ती वेळ पुढे सरकते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला झडप घालण्याचा बेत चालत नाही. बोली साधारण दहा टक्क्यांच्या पायरीनं चढते. सुरुवातीलाच आपली कमाल रक्कम नोंदवून ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, मग यंत्रणा गरजेपुरतीच बोली तुमच्या वतीनं चढवते. नवख्यांनी हीच सोय वापरावी असं मी सांगेन. सभागृहात बसणार असाल तर पहिला लिलाव नुसता ऐका. आणि समोरचा चढवतोय म्हणजे वस्तू चांगलीच असणार असं समजू नका, तोही तुमच्याकडे बघून चढवत असेल.

हातोडा पडला की करार झाला. मागे फिरता येत नाही.

कायदा आणि कोल्हापूरचा पाऊस

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरातन ठरते. आपल्याला ती घेता येते, घरात ठेवता येते, पण देशाबाहेर नेता येत नाही. आबालाल १९३१ साली गेले, म्हणजे त्यांची बरीचशी चित्रं आता या मर्यादेत आली आहेत. इतक्या जुन्या चित्राची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते. विकणाऱ्याकडून नोंदणीचं प्रमाणपत्र घ्या आणि मालकी बदलल्याचं कळवा. रवि वर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची कामं शंभर वर्षांची नसली तरी निर्यात करता येत नाहीत. दागिन्यांनाही शंभर वर्षांचा नियम आहे. अमेरिकेतल्या नातीला पणजीची नथ पाठवण्याआधी हे तपासा. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला मिळवता येतो.

घरी आणल्यावर खरा शत्रू जुलै-ऑगस्ट. चित्र बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. आतल्या भिंतीवर, मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, हवा खेळेल असं ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलेलं चित्र पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरतं. लाखेचे दागिने गरम पाण्यात किंवा पॉलिशच्या यंत्रात घालू देऊ नका, लाख सुटते आणि मणी पोकळ वाजायला लागतो. बंद कोंदणाचा दागिना पाण्यात बुडवू नका, आतला पत्रा काळा पडतो. मोती अत्तर लावून झाल्यावर घालायचे, काढल्यावर मऊ सुती कापडानं पुसायचे. जुनी माळ दर दोनतीन वर्षांनी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. मूळ गोंडा चांगला असेल तर तो बदलू नका असं त्याला आधीच सांगा, नाहीतर प्रेमानं नवा लावून देतो.

आणि तुमच्याच घरातला दागिना किंवा चित्र लिलावाला द्यायचं असेल तर? आधी स्वच्छ करू नका, पॉलिश करू नका, फ्रेम बदलू नका. आहे तसे फोटो काढून दोन संस्थांना पाठवा आणि अंदाज मागा. विकणाऱ्याकडूनही कमिशन, विमा, फोटोचा खर्च घेतात, ते लेखी घ्या. किमान किंमत किती ठेवायची हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा, फार चढी ठेवली तर वस्तू परत येते. दागिना, चित्र दोन्हींच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो, तेव्हा आपल्या सीएंना आधी विचारा.

गुजरीतल्या त्या आजी पैसे मोजून उठल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं, माळ कुणाची होती. ‘सासूबाईंची. त्यांच्या लग्नातली,’ म्हणाल्या. कुणी घडवली, कुठल्या साली, काहीच कुठं लिहिलेलं नव्हतं. तुमच्या कपाटात आज जे आहे त्याच्या प्रत्येक पाकिटात एक कागद ठेवा : कुणाचा डाग, कुणी घडवला, कधी, कितीला, आणि तो घातलेला एखादा जुना फोटो.